इंजिन बंद, डोळे उघडे!

मांडव्याहून निघायचं आणि जंजिरा, जयगड, विजयदुर्ग, मालवण करत पणजी गाठायची, तेही शिडाच्या बोटीतून, दोघंच. वारा चांगला असला तरी ताशी पाच-सहा सागरी मैल. गाडीने याहून कितीतरी लवकर पोचता येईल, पण समुद्रातल्या मंडळींना भेटायचं तर हाच वेग हवा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. इंजिन धडधडायला लागलं की आपण नजरेत यायच्या कितीतरी आधी खालच्यांना वर्दी जाते. शीड भरलं, इंजिन बंद केलं, की बोटीच्या आसपास वर्दळ वाढते.

‘ते बघ, तिकडे!’ चालणार नाही

एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसून पाणी न्याहाळायचं, ही दोघांच्या बोटीवरची सरळ वाटणी. नाळेवरचा माणूस ‘तिकडे, तिकडे!’ ओरडला तर सुकाणूवरच्याला काही कळत नाही, आणि तो मान वळवेपर्यंत पाणी पुन्हा सपाट झालेलं असतं. त्यापेक्षा घड्याळ वापरा. नाळेची दिशा बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. मी नाळेवरून ‘दोन वाजता, जवळच!’ म्हटलं की नवऱ्याची नजर नेमकी तिथे जाते. ज्याला आधी दिसलं त्याने डोळे हटवायचे नाहीत, हा दुसरा नियम. कॅमेरा शोधायचं काम दुसऱ्याचं.

गादे इले!

मालवणी मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. आपल्या किनाऱ्यालगत जो सर्वांत जास्त दिसतो तो कुबड असलेला हंपबॅक डॉल्फिन. त्याला उथळ पाणी आवडतं, खाडीची तोंडं आवडतात, म्हणजे किनारा धरून जाणारी शिडाची बोट नेमकी त्याच्या अंगणातून जाते. तो वर येतो तेव्हा आधी लांब चोच पाण्याबाहेर निघते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावर बसलेला छोटासा पर, आणि मग सगळं अंग कमान करून खाली जातं. वारा पडलेला असेल तर दिसायच्या आधी तो ऐकू येतो: मागून कुठून तरी ‘फुस्स’ असा श्वास, इतका स्पष्ट की माणूस दचकतो.

सिनेमातल्यासारखा तो बोटीच्या पुढे पुढे पोहेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. तो नाद स्पिनर आणि बॉटलनोज डॉल्फिनांना. गादा सहसा आपल्या कामात असतो आणि त्याचं काम म्हणजे मासे. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलं जात असलं की मासळीच्या मागावर तोही हजर. जागतिक यादीत या प्रजातीची नोंद ‘धोक्यात’ अशी आहे. त्यामुळे पर्यटकांच्या चार-चार होड्या एका कळपाच्या मागे लागलेल्या पाहिल्या की जीव तुटतो. गादा जवळून बघायचा तर थांबा. शीड ढिलं सोडून बोट तरंगू द्या. यायचं तर तोच येतो.

झोपेचंही ऐका. डॉल्फिनचा एका वेळी अर्धाच मेंदू झोपतो, दुसरा अर्धा श्वास आणि पहारा सांभाळतो. रात्रीच्या प्रवासात आपल्याला दोन माणसांत आळीपाळीने जे करावं लागतं, ते तो एकटा करतो.

डबल कासव

सकाळच्या मतलई वाऱ्यावर निघालात की पाण्यावर उपडी घातलेली पाटी तरंगताना दिसेल. जवळ गेल्यावर पाटी मान वर काढते आणि श्वास घेऊन बुडी मारते. ते ऑलिव्ह रिडले. कधी कधी त्या पाठीवर सुरय पक्षी निवांत बसलेला असतो. आणि एकावर एक अशी दोन कवचं दिसली तर बोट लांबूनच वळवा: जोडपं आहे, मीलन चालू आहे, आणि ते तास न् तास चालतं.

नर कासवाला बघायचं तर समुद्रातच जावं लागतं. पिल्लू म्हणून वाळू तुडवत एकदा पाण्यात शिरला की तो साधारणपणे पुन्हा किनाऱ्यावर येत नाही. घरट्यासाठी फक्त मादी येते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. 29-30 अंशांच्या आसपास सीमारेषा, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त.

वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी घरटी जपायला सुरुवात केली, आणि हे काम पुढे गावोगाव पसरलं. या कासवांची चाल बघा: ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे बंगालच्या उपसागरातून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा, अंदाजे 3500 किलोमीटर! ओडिशाची कासवं वेगळी आणि कोकणची वेगळी, असं मानणाऱ्यांना तिने विचार करायला लावला.

डोक्यावरची वर्दळ

गेटवे-मांडवा बोटीमागे गाठ्यांसाठी झेपावणारे कुरव हिवाळ्याचे पाहुणे. त्यांतल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची घरटी लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी. आपल्याकडे येईपर्यंत डोक्याचा तपकिरी रंग उडालेला असतो, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका उरतो. तो ठिपका शोधा.

समुद्री गरुडाची जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि तेच घरटं दरवर्षी काटक्या घालून वाढवत नेते. पंजात लोंबणारं काही दिसलं तर तो समुद्री साप असू शकतो. समुद्री साप विषारी, शेपूट चपटी. त्यांतली पिवळ्या पोटाची जात तर आयुष्य समुद्रात काढूनही गोडं पाणीच पिते. पाऊस पडला की पृष्ठभागावर साचणारा गोड्या पाण्याचा पातळ थर तिला पुरतो.

मालवण सोडून गोव्याकडे जाताना वेंगुर्ला रॉक्स लागतात. तिथल्या गुहांत पाकोळ्या थुंकीची घरटी बांधतात आणि अंधारात वाट काढायला टकटक आवाज करून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. वटवाघळांचा आवाज सहसा आपल्या कानाला पकडता येत नाही, पाकोळ्यांचा येतो. घरट्यांच्या चोरीमुळे ही वसाहत संकटात आली होती, म्हणून लांबूनच नमस्कार.

पेटलेलं पाणी

हिवाळ्यात अमावास्येच्या आसपास बोटीमागचं पाणी निळंशार चमकायला लागलं तर ती नॉक्टिल्युका. जेमतेम मिलिमीटरभराचा एकपेशीय जीव, पाणी ढवळलं की उजळतो. बोटीच्या संडासात समुद्राचं पाणी खेचलं जातं, तेव्हा भांड्यातही ठिणग्या उडतात! आणि अशा पाण्यातून गादा गेला तर काळोखात त्याचा अख्खा मार्ग रेखलेला दिसतो. यासाठी झोप मोडून दुसऱ्याला उठवायलाच हवं, त्यावर भांडण होत नाही.

थोरली मंडळी

2015 मध्ये सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापुढे संशोधकांना निळा देवमासा दिसला, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे तर जगावेगळे: बाकीचे हंपबॅक थंड समुद्राकडे वाऱ्या करतात, हे इथेच राहतात. जनुकीय अभ्यास सांगतो की इतरांपासून त्यांची फारकत सुमारे 70,000 वर्षांची. 2017 मध्ये ओमानला टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्यापुढे आली आणि किनाऱ्याने दक्षिण टोकापर्यंत जाऊन परतली.

व्हेल शार्क मात्र देवमासा नव्हे, मासाच, जगातला सर्वांत मोठा. त्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आणि ते ओळखायला आकाशातले तारे जुळवण्याची गणिती पद्धत वापरतात.

दूर स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत मात्र 2020 पासून ओर्का हे थोरले डॉल्फिन शिडाच्या बोटींची सुकाणू मोडतायत, काही बोटी बुडाल्याही. हा खेळ असावा, असा अनेक अभ्यासकांचा कल आहे.

कॅमेरा कामाला लावा

डॉल्फिन, देवमासे, समुद्री कासवं, व्हेल शार्क या सगळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण जाळ्यात अडकलेलं जनावर सोडवायचं तर मच्छीमाराला महागडं जाळं कापावं लागतं. महाराष्ट्रात त्याची 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. आत कासव धडपडत असताना, हात जाळ्यात गुंतलेले असताना मोबाइल कोण काढणार? तेव्हा अशी होडी दिसली तर एकाने बोट वाऱ्याकडे वळवून थांबवावी, दुसऱ्याने हाक मारून विचारावं: दादा, व्हिडिओ काढून देऊ का?