आम्लीकरण आणि चुनेदार शैवाले

सुरतेजवळचा डुमस-हजिऱ्याचा किनारा चिखलाचा. प्रवाळ पाहायचे तर कच्छच्या आखातात, पिरोटन बेटाकडे जावे लागते. प्रवाळखडकांवर अनेकदा गुलाबी पापुद्रा दिसतो. तो दगडाचा रंग नव्हे, तर चुनेदार शैवाल (अंगात कॅल्शियम कार्बोनेट साठवणारे समुद्री शेवाळ) असते.

या शैवालांना धोका आहे तो समुद्राच्या आम्लीकरणाचा. आम्लीकरण म्हणजे समुद्राचे ॲसिड होणे, असा समज आहे. प्रत्यक्षात पाणी आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाचा सरासरी पीएच (आम्लता मोजण्याचे माप) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. फरक किरकोळ वाटतो. आम्लता वाढवणारे हायड्रोजन आयन मात्र तेवढ्यात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. पगार घटला म्हणून कोणी लगेच कर्जबाजारी होत नाही, पण घराचे बांधकाम रखडते. इथे घटते ते कार्बोनेट, म्हणजे शैवालाचा बांधकामाचा माल. पाण्यात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड त्यात घट आणतो.

गुलाबी शैवालांचे कवच मॅग्नेशियमयुक्त, लवकर विरघळणाऱ्या कॅल्साइटचे असल्याने त्यांना फटका मोठा. हीच शैवाले प्रवाळांचे तुकडे सांधतात. प्रवाळांच्या अनेक जातींच्या अळ्याही त्यांच्यावरच बस्तान बसवतात.

कार्बन डायऑक्साइड वाढला तर शेवाळाचे फावेल, हा युक्तिवाद निम्मा खरा आहे. फावते ते बहुधा बिनचुन्याच्या शैवालांचे, आणि तीच चुनेदार शैवालांची जागा बळकावतात.