चूक एकीकडे, कोसळणे दुसरीकडे

डावा हात दुखतो आणि दोष हृदयात निघतो, हे डॉक्टरांना नवे नाही. मेनफ्रेम संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधील चुका शोधणाऱ्यांचेही तसेच होते.

आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालणार, म्हणून मेमरीचे २,०४८ बाइटचे कप्पे पाडून प्रत्येकाला ‘किल्ली’ देण्याची सोय तीत होती. साधा प्रोग्राम दुसऱ्याच्या कप्प्यात लिहू लागला, की यंत्र त्याला जागीच अडवत असे. पण सगळा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे शून्य क्रमांकाची किल्ली, आणि ती प्रत्येक कप्प्याला चालते! तिच्या कोडमध्ये एखादा पत्ता चुकला, तर भलत्याच जागी लिहिले जाते आणि कोणी हटकत नाही. काही वेळाने दुसराच निर्दोष भाग ती बिघडलेली माहिती वाचतो आणि कोसळतो.

मग हाती उरतो तो ‘डंप’, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत. पूर्वी ती कागदावर छापत. आकडे आणि ए ते एफ या अक्षरांच्या ओळीच ओळी, जाडजूड बाड. यंत्र कोणत्या आज्ञेपाशी थांबले ते त्यात कळते, पण बिघडलेल्या जागी शेवटचे कोणी लिहिले हे सहसा कळत नाही. मग कचऱ्यावरूनच माग काढायचा. जिथे पत्ता असायला हवा तिथे ‘४०४०४०४०’ दिसले, तर जाणकाराचे डोळे चमकतात. या यंत्रांच्या लिपीत ४० म्हणजे कोरी जागा. याचा अर्थ, कोणीतरी मजकूर लिहिताना हद्द ओलांडली!

चालू यंत्र मध्येच थांबवून पाहावे, तर सगळ्यांचीच कामे थांबतात. म्हणून अशा तपासासाठी अनेकदा रात्रीची वेळ मागून घ्यावी लागे. १९७२ मध्ये आलेल्या ‘व्हीएम/३७०’ने ही कोंडी बरीच फोडली. एका खऱ्या यंत्रात अनेक आभासी यंत्रे उभी राहिली. त्यांतल्या एकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून हव्या त्या आज्ञेवर थांबवता येऊ लागली. शेजारच्यांना पत्ताही लागत नसे.

तरीही एक जात निसटतेच. दोन घटना अगदी ठरावीक अंतराने घडल्या तरच उगवणारी चूक आभासी यंत्रात बहुधा येतच नाही, कारण तिथे वेळेचे गणितच बदललेले असते. तिच्यासाठी आजही डंप वाचत बसावे लागते, फक्त कागदाऐवजी पडद्यावर.