भीष्माची उशी

महाभारतांतील भीष्मपर्वाची कथा आमच्या वाचकांच्या घरीं लहानथोरांस ठाऊक आहे. शरपंजरीं पडलेल्या पितामहांचें शरीर बाणांनीं तोललेलें होतें; परंतु मस्तक मात्र खालीं लोंबूं लागलें. तेव्हां त्यांनीं उशी मागितली. जमलेल्या राजांनीं मऊ, तलम उशा धांवत आणल्या. पितामहांनीं त्या नाकारल्या. मग अर्जुनानें तीन बाण मारून त्यांवर तें मस्तक टेकविलें आणि पितामह संतुष्ट झाले. शाळेंत हा भाग आम्हीं अनेक वर्षें शिकविला, आणि प्रत्येक वेळीं 'वीरास मऊ उशी शोभत नाहीं' एवढाच बोध मुलांस सांगितला. या कथेचा उरलेला अर्धा बोध आम्हांस साठी उलटल्यावर कळला. आणि तोहि सौभाग्यवतीच्या मानेच्या दुखण्यामुळें.

आमचें वास्तव्य शेगांवीं. श्रीगजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं या गांवांत प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजीं समाधिस्थ झाले. गांवांत यात्रेकरूंची रीघ बारमास असते, आणि यात्रेकरू म्हणजे बहुधा भुईवर निजणारें माणूस. एक सतरंजी नाहीं तर घोंगडी, डोक्याखालीं कपड्यांचें गांठोडें, कीं त्याची शेज तयार. दरवर्षीं येथून महाराजांची पालखी पायीं पंढरपुरास जाते. सुमारें महिनाभराची ती चाल. वाटेंत मिळेल त्या पडवींत, शाळेंत, मांडवांत वारकरी पथारी पसरतात आणि पहांटे ताजेतवाने होऊन उठतात. उलट आमच्याच घरांत पहावें तों पलंगावर वीतभर जाडीची स्पंजाची गादी, तींत माणूस झोळींतल्या मुलासारखा रुतलेला, आणि सकाळीं प्रत्येकाची कंबर धरलेली! ही विसंगति आमच्या मनांत फार दिवस सलत होती.

त्यांत आमचें संस्कृत आड आलें. ब्रह्मचाऱ्यास अधःशयन सांगितलें आहे. चातुर्मास्यांत अनेक जण भूमिशयनाचा नेम धरतात. कालिदासानें तर कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत राजकन्या पार्वतीस उघड्या भुईवर, स्वतःच्या बाहूचीच उशी करवून, निजविलें आहे. एवढे आधार हातीं असतां विलंब कशाला? कांहीं वर्षांपूर्वीं आषाढी एकादशीस आम्हीं घरांत फर्मान काढलें कीं, गाद्या आणि उशा दोन्ही माळ्यावर चढवाव्या. सर्वांनीं फरशीवर एकेक सतरंजी घालून निजावें. मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें, सूनबाईंनीं सासूबाईंकडे पाहिलें. पण बोललें कोणी नाहीं.

पंधरा दिवसांत आमचीं दोन्ही खुब्यांचीं हाडें ठणकूं लागलीं. आम्हीं तें कोणास सांगितलें नाहीं. व्रताचा अभिमान असाच असतो. एके रात्रीं जाग आली तों सौभाग्यवती भिंतीशीं टेकून अंधारांत बसलेली. उजव्या हातास मुंग्या, मान एका बाजूस वळेना. हें दहा रात्रींपासून चाललें होतें. "मग बोलली कां नाहींस?" असें विचारतां ती म्हणाली, "अहो, व्रत तुमचें; तें तुम्ही खुशाल करा. माझी मान मात्र मला परत द्या."

पुढें श्रावणांत पालखी परत आली. ओटीवर पाणी पिण्यास टेकलेल्या एका वृद्ध वारकऱ्यास आम्हीं आमच्या भूमिशयनाची कथा ऐकविली. वाटलें, हा तरी कौतुक करील. तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, आमी दिसभर चालतो, म्हून रातच्याला धोंडाबी मऊ लागते. तुमी दिसभर बसून रायता. तुमाले गादी लागनच." जो विचार आम्हांस ग्रंथांत सांपडला नाहीं, तो त्यानें दोन वाक्यांत ओटीवर ठेवला. वारकऱ्याची झोंप त्याच्या चालण्यांतून येते; सतरंजीतून नव्हे. आम्हीं त्याची सतरंजी तेवढी उचलली होती!

मानेची व्यथा मात्र निराळी होती, आणि तिचें कारण डॉक्टरांच्या एका प्रश्नानें उलगडलें. त्यांनीं विचारलें, "बाई कुशीवर निजतात कीं पाठीवर?" ती जन्मभर कुशीवर निजणारी. आतां वाचकांनीं स्वतः कुशीवर निजून पहावें. कान आणि अंथरूण यांमध्यें खांद्याच्या रुंदीएवढी पोकळी राहते. गादी मऊ असली कीं खांदा तींत बुडतो, पोकळी लहान होते आणि पातळ उशी पुरते. अंथरूण कठीण असलें कीं खांदा मुळींच बुडत नाहीं. पोकळी जशीच्या तशी राहते आणि डोकें तींत लोंबतें. म्हणजे कुशीवर निजणाऱ्यास अंथरूण जितकें कठीण, तितकी उशी उंच हवी. आम्हीं गादी काढली त्याच दिवशीं उशीहि काढली. एकाच रात्रीं दोन्हीकडून मान सोडली. भीष्मांनीं बाणांची शय्या पत्करली, पण लोंबणारें मस्तक पत्करलें नाहीं. त्यांनीं नाकारला तो मऊपणा. आधार त्यांनीं मागून घेतला. शिकवितांना हेंच आमच्या नजरेंतून निसटलें होतें.

अंथरूणहि किती कठीण असावें याचा विचार हवा. पाठ दुखणाऱ्यास 'फळीवर नीज' असें सांगण्याची रीत जुनी आहे. स्पेन देशांतील वैद्यांनीं कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ रोग्यांवर याची परीक्षा केली. ती २००३ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. कांहींस कठीण गादी दिली, कांहींस मध्यम कठीण. ९० दिवसांनंतर मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांस वेदनेचा उतार अधिक पडलेला आढळला. म्हणजे रुतणारी शेज नको, तशी फरशीहि नको.

हें मध्यम माप आपल्या वऱ्हाडांत दूर शोधावयास नको. भोंवतीं कापसाचा मुलूख आहे. पिंजाऱ्याकडून चांगल्या कापसाची, दोनतीन बोटें जाडीची, घट्ट टांके घातलेली गादी करवून ती सतरंजीवर पसरावी. आमच्या आजोळीं अशाच गाद्या सकाळीं गुंडाळून वळकट्या भिंतीशीं रचीत, आणि निजण्याची खोली दिवसा बसावयास मोकळी होई. जपानी लोक भाताच्या काडाच्या चटयांवर कापसाची गादी पसरून निजतात आणि दिवसा ती घडी करून कपाटांत ठेवितात, रीत तीच. पसरलेली गादी उचललीच नाहीं तर खालून ओल धरते, म्हणून ती रोज उचलावी, आठवड्यास ऊन द्यावें, आणि कापूस बसून गोळे झाले कीं पुन्हां पिंजून घ्यावा.

संवय मात्र हळूहळू करावी. प्रथम दुपारची वामकुक्षी खालीं, मग एकाआड एक रात्र, आणि दोनतीन आठवड्यांनीं रोज. प्रारंभीं अंग थोडें आंबतें. पण मुंग्या, बधिरता किंवा वाढती वेदना ही संवयीची खूण नव्हे. ती दिसतांच पायरी मागें घ्यावी.

उशीकरितां दुकानांत जाण्याचीहि गरज नाहीं. जुन्या लुगड्याच्या किंवा चादरीच्या घड्या एकावर एक ठेवाव्या आणि दुसऱ्याकडून पहावें कीं कुशीवर निजलें असतां नाक छातीच्या मध्यरेषेशीं सरळ आहे कीं नाहीं. डोकें खालीं झुकलें तर एक घडी वाढवावी, वर उचललें तर एक काढावी. पाठीवर निजणाऱ्यास मानेखालीं पंचाची बारीक गुंडाळी आणि गुडघ्यांखालीं एखादें लोडकें पुरतें. कुशीवर निजणाऱ्यानें गुडघ्यांमध्यें एक घडी ठेवावी, कंबर सुखावते. पालथें निजणाऱ्यास उशी जितकी पातळ तितकी बरी. जपानांत कुट्टूच्या फोलांची उशी करतात. ती डोक्याचा आकार घेते पण दबून जात नाहीं.

आतां कांहीं अपवाद. जमिनीवरून उठतांना ज्यांचे गुडघे बोलतात अशा वृद्धांनीं हट्ट करूं नये. तीच पातळ गादी लांकडी पलंगावर घालावी. अंथरुणास खिळलेल्या रोग्यास कठीण शेज शय्याव्रण करते. पावसाळ्यांत आपल्या भागांत मण्याराचें भय असतें. तो रात्रीं फिरतो आणि निजलेल्यास त्याचा दंश पुष्कळदां जाणवतहि नाहीं. म्हणून त्या दिवसांत पलंगावर निजावें, निदान मच्छरदाणी गादीखालीं चोहोंकडून खोंचावी. आणि तान्ह्या मुलांविषयीं आज्या-पणज्यांस एक विनंति. डोकें गोल यावें म्हणून मोहरीची उशी देण्याची आपली चाल आहे. आमच्या मुलांसहि ती दिली होती. आजचे बालवैद्य सांगतात कीं, पहिल्या वर्षीं बाळास उशी मुळींच नको. सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर निजवावें, आणि तोंडाजवळ मऊ कांहीं नसावें. अमेरिकेंत १९९४ पासून बाळांस पाठीवर निजविण्याची मोहीम चालली आणि पुढील कांहीं वर्षांत झोंपेंतील आकस्मिक बालमृत्यूंचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. नातीच्या वेळीं सूनबाईंनीं मोहरीची उशी बाजूस ठेविली, तेव्हां आम्ही मध्यें पडलों नाहीं. एकदां मध्यें पडून पाहिलें होतें.

हल्लीं आमच्या घरीं एकच नियम उरला आहे, कीं अंथरुणाविषयीं सर्वांस एक नियम नाहीं. मुलें कापसाच्या गादीवर खालीं निजतात. सौभाग्यवती लांकडी पलंगावर, तसल्याच गादीवर. तिच्या डोक्याखालीं तिच्याच जुन्या लुगड्याच्या मोजून सहा घड्या असतात. मान बरी आहे. आम्ही स्वतः खालींच निजतों, पण संध्याकाळीं स्टेशनपर्यंत चालून आल्यावर. त्या वारकऱ्याची गांठ पुन्हां पडली, तर चालण्याची गोष्ट त्यास आधीं सांगूं, सतरंजीची मागाहून.