स्वीडन : करारावर उभा राहिलेला देश

नाचणगावच्या माणसाला स्वीडनशी काय कर्तव्य, असे या मंडपात कोणी विचारले तर ते गैर नाही. परंतु हा देश आपल्या आजीच्या चुलीपाशी केव्हाच येऊन बसला होता. १९२३ साली स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली, अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला आणि 'विमको'ची काडेपेटी घरोघर पोहोचली. त्या देशातील कामकऱ्याच्या घरी चूल कशी पेटती राहिली, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम लोक. स्वीडनचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट, पण वस्ती एक कोटी पाच-सहा लाखांची, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहूनही कमी. दोन तृतीयांश भूमीवर जंगल. हा देश पूर्वीपासून श्रीमंत होता, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १८६७ ते १८६९ या काळात तेथे दुष्काळ पडला, आणि १८५० नंतरच्या ऐंशी वर्षांत सुमारे तेरा लाख माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली.

राज्यकारभार असा. राजा आहे, पण १९७४ च्या राज्यघटनेनंतर तो केवळ मानाचा. सत्ता 'रिक्सदाग' या ३४९ सभासदांच्या एकाच सभागृहाकडे. निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. सरकारी कागद जनतेला पाहू देण्याचा कायदा तेथे १७६६ साली झाला. आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ साली आला.

किरुनाचे लोखंड, जंगलाचे लाकूड व कागद, नद्यांची वीज आणि यंत्रे ही तेथील मिळकतीची साधने. चिंचवडला बेअरिंग बनविणारी एसकेएफ मूळची तिकडचीच. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

१८९८ साली तेथील कामगार संघटनांनी आपला मध्यवर्ती महासंघ स्थापला. १९०२ साली मालकही संघटित झाले. १९०९ चा सार्वत्रिक संप कामगार हरले, आणि महासंघाचे जवळजवळ निम्मे सभासद गळाले. १९३१ साली ओदालेन येथे लष्कराने मोर्च्यावर गोळ्या झाडल्या व पाच माणसे मेली. पुढच्याच वर्षी समाजवादी लोकशाही पक्षाचे सरकार आले आणि थोडा खंड सोडता १९७६ पर्यंत टिकले. १९३८ साली सॉल्टशेबादेन या गावी मालक व कामगार यांनी समोरासमोर बसून करार केला : तंटा कसा सोडवावयाचा, संप केव्हा करावयाचा, याचे नियम दोघांनी मिळून ठरविले.

त्याचे फळ पाहा. आपल्याकडे १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. स्वीडनमध्ये असा कायदा आजही नाही! मजुरी सामुदायिक कराराने ठरते आणि दहांपैकी जवळजवळ नऊ कामगार अशा कराराखाली येतात. बेकारीचे निधीही संघटनांशी जोडलेले आहेत. मूल झाले की आईबापांना मिळून ४८० दिवसांची भरपगारी नव्हे, पण भत्त्याची रजा मिळते. याची किंमत जबर करांच्या रूपाने सर्वजण मोजतात. बहुतेक वस्तूंवर २५ टक्के विक्रीकर आहे.

तेथे सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. संघटनांचे सभासद पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात टेस्ला या अमेरिकन मोटार कंपनीने करारावर सही करण्यास नकार दिला म्हणून मेकॅनिकांनी संप पुकारला. तेव्हा गोदीकामगारांनी तिच्या मोटारी उतरविण्याचे नाकारले आणि टपालवाल्यांनी तिच्या नंबरपाट्या पोहोचविल्या नाहीत.

हे वाचताना आम्हांला आमच्याच भागातील एका गिरणीचे फाटक आठवले. तेथे तीन संघटनांचे तीन झेंडे होते. व्यवस्थापनाने तिघांना तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावले आणि आम्हीही तिन्ही दिवशी वेगवेगळे गेलो. शेवटी भोंगा बंद झाला तो तिघांचाही. स्वीडनचा माणूसही १९०९ साली हरला होता. पण पुढल्या खेपेस तो एकत्र बसून बोलला. आपल्या मुलांना एवढे जरी सांगता आले, तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.