गाळलेल्या जागांची गायिका

1953 च्या डिसेंबरात लास वेगासच्या सहारा हॉटेलने मूळच्या जर्मन अभिनेत्री मार्लेन डिट्रिशला गाण्यासाठी बोलावलं, तेव्हा तिची बिदागी ठरली आठवड्याला 30,000 डॉलर. ती बावन्नाव्या वर्षात होती. हॉलिवूडकडून येणाऱ्या भूमिका आटत चालल्या होत्या, आणि गळा म्हणावा तर तो कधीच मोठ्या पल्ल्याचा नव्हता. तरीही पुढची जवळजवळ बावीस वर्षं ही बाई एकटीच्या बळावर जगभरची नाट्यगृहं भरत राहिली. चित्रपटांतली डिट्रिश सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र तिची खरी कामगिरी या दौऱ्यांतली वाटते.

सुरुवात पोशाखापासून करावी लागते, कारण तीही तिथूनच करायची. हॉलिवूडचे वेशभूषाकार जाँ लुई यांनी शिवलेला तो झगा त्वचेच्या रंगाच्या तलम कापडाचा होता आणि त्यावर चमकी जडवलेली होती. लांबून पाहणाऱ्याला वाटे, बाई जवळजवळ उघडीच उभी आहे. प्रत्यक्षात आत एक घट्ट अंतर्वस्त्र असे आणि शरीराचा सगळा डौल त्याने सावरलेला असे. वर्तमानपत्रांनी झग्यावर रकाने भरले. प्रेक्षकाला सगळं दिसल्यासारखं वाटावं आणि आपण ठरवलं तेवढंच दिसावं, ही तिची रीत पुढे निवेदनातही कायम राहिली.

1954 च्या जूनमध्ये लंडनच्या कॅफे द पॅरिसमध्ये नाटककार नोएल कॉवर्डने तिची ओळख करून दिली आणि ती जिना उतरून खाली आली. सुरुवातीच्या प्रयोगांत ती झग्यातून झटकन पुरुषी टेलकोट आणि उंच हॅटमध्ये यायची. त्यामुळे पुरुषाच्या तोंडी लिहिलेली गाणीही तिला गाता येत. 1958 च्या सुमारास बर्ट बॅकरॅक हा तरुण संगीतकार वाद्यवृंद सांभाळू लागला आणि क्लबमधल्या करमणुकीचा नाट्यगृहातला प्रयोग झाला. तिच्या मर्यादित आवाजाभोवती त्याने अशी साथ बांधली की ती उणीवच शैली वाटू लागली. प्रकाशयोजना इंग्लंडच्या जो डेव्हिसची. दिवा कुठून आणि किती यावा, हे तिला स्वतःलाही चोख कळे. ते ज्ञान तिने दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्गकडून उचललेलं.

आपल्याकडच्या एकपात्री प्रयोगांची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा प्रकार जरा वेगळा वाटेल. इथे गोष्ट लांबत नाही. एक गाणं संपतं, दोन-चार वाक्यं येतात, दुसरं सुरू होतं. पण गाण्यांचा क्रम नीट पाहिला तर तो एका आयुष्याचा क्रम आहे: बर्लिन, ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट, अमेरिका, युद्ध, आणि युद्धानंतरची खंत. मधली वाक्यं सहज सुचल्यासारखी वाटत, पण ध्वनिमुद्रणं ऐकली की तीच वाक्यं, तेच थांबे पुन्हा भेटतात. ती सांगे की ‘द ब्लू एंजल’च्या वेळी आपण नाट्यशाळेतली साधी विद्यार्थिनी होतो आणि चाचणीला जाताना गाणंही बरोबर नेलं नव्हतं. चाचणी झाली ती 1929 मध्ये. तोवर डझनाहून अधिक मूकपटांत तिने काम केलं होतं, बर्लिनच्या रंगभूमीवर तिचं नाव होतं, लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात मुलगी होती. विद्यार्थिनीची गोष्ट जास्त चांगली, म्हणून ती ठेवली. आत्मचरित्र रचणाऱ्या माणसाचा हा हक्क मी मान्य करते. इतिहासकाराने मात्र तिचं म्हणणं पारखून घ्यावं.

युद्धाचा भाग तिला सजवावा लागत नव्हता. 1939 मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली होती. 1944 आणि 45 मध्ये तिने अमेरिकी सैनिकांपुढे अल्जीरियापासून इटलीपर्यंत कार्यक्रम केले, प्रसंगी आघाडीच्या अगदी जवळ. मांडीत करवत धरून तिच्यावर धनुकली फिरवत सूर काढणं, हाही त्या कार्यक्रमांतला एक नमुना. 1947 मध्ये तिला अमेरिकेचं ‘मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. पुढे प्रयोगात ‘लिली मार्लेन’ गाण्याआधी ती ज्या ज्या देशांत हे गाणं गायलं, त्यांची नावं एकामागून एक घ्यायची.

हेच गाणं घेऊन 1960 मध्ये ती जर्मनीत परतली आणि दौरा एकाएकी कार्यक्रम न राहता खटला झाला. शत्रूच्या गणवेशात फिरलेली बाई, असा राग अनेकांच्या मनात होता. बॉम्बच्या धमक्या आल्या. 3 मे रोजी बर्लिनच्या टिटानिया-पालास्टमध्ये पहिला प्रयोग झाला. ‘मार्लेन, परत जा’ अशा अर्थाचे फलक हाती धरून निदर्शकही आले होते. आत मात्र महापौर विली ब्रांट बसले होते आणि प्रेक्षकांनी तिला पुन्हा पुन्हा रंगमंचावर बोलावलं. ड्युसेलडॉर्फमध्ये एक कोवळी मुलगी तिच्या तोंडावर थुंकली. युद्ध संपलं तेव्हा जी अगदी लहान असेल, तिच्यापर्यंत हा राग कोणी पोहोचवला, हा प्रश्न त्या थुंकीपेक्षा मोठा आहे. वीसबाडेनला ती रंगमंचावरून खाली पडली आणि खांद्याचं हाड मोडलं. हात अंगाशी बांधून तिने उरलेले प्रयोग केले.

त्याच वर्षी इस्रायलमध्ये तिने जर्मन गाणी गायली. तिथे जाहीर कार्यक्रमात ती भाषा तेव्हा निषिद्धच होती, पण श्रोत्यांनी ती तिच्या तोंडून ऐकून घेतली. 1964 मध्ये मॉस्कोत वृद्ध लेखक कॉन्स्टन्टिन पाउस्तोव्स्की मंचावर आले, तेव्हा ही जगप्रसिद्ध बाई त्या घट्ट झग्यासकट त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली. त्यांची एक कथा तिला फार आवडत असे. 1967 मध्ये ब्रॉडवे झालं, पुढच्या वर्षी खास टोनी पुरस्कार.

या सगळ्या निवेदनात एक व्यक्ती कुठेच येत नाही. तिची थोरली बहीण एलिझाबेथ. युद्ध संपताच डिट्रिश तिला शोधत बेर्गेन-बेल्सनला पोहोचली, तेव्हा कळलं की बहीण आणि मेहुणा छळछावणीचे कैदी नव्हते. लगतच्या लष्करी तळावर जर्मन सैनिकांसाठी ते सिनेमागृह चालवत होते. खासगीत नातं तुटलं नाही. जगापुढे मात्र डिट्रिश त्यानंतर एकुलती एक मुलगी झाली. ज्या प्रयोगाचा कणाच युद्ध होता, त्यात युद्धाने घरात पाडलेली ही भेग मावण्यासारखी नव्हती.

शेवटच्या वर्षांत शरीराने किंमत वसूल केली. 1973 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका प्रयोगात ती वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पडली. पायाची जखम भरेना, त्वचारोपण करावं लागलं. 29 सप्टेंबर 1975 रोजी सिडनीत पुन्हा पडून मांडीचं हाड मोडलं आणि दौरे थांबले. पुढे पॅरिसच्या आव्हेन्यू मोंतेन्यवरच्या घरात तिने स्वतःला कोंडून घेतलं. मॅक्सिमिलियन शेल यांच्या 1984 च्या माहितीपटातही तिने फक्त आवाज दिला, चेहरा नाही.

त्या कोंडलेल्या घरातून तिने ज्यांना फोन केले, त्यांत उटे लेम्पर ही म्युन्स्टरची तरुण गायिका होती. पॅरिसमध्ये ‘कॅबरे’ या संगीत नाटकातल्या सॅली बोल्सच्या भूमिकेसाठी तिला मोलिएर पुरस्कार मिळाला आणि वर्तमानपत्रांनी तिला नवी डिट्रिश ठरवलं. संकोचून तिने डिट्रिशला क्षमा मागणारं पत्र धाडलं. 1988 मध्ये उत्तरादाखल आलेला फोन तीन तास चालला. त्या संभाषणावर लेम्परने तीसेक वर्षांनी ‘रॉंदेव्हू विथ मार्लेन’ हा एकपात्री प्रयोग रचला आणि न्यूयॉर्क, लंडन करत तो गावोगावी नेला. यात झग्याआडची बाई बोलते: म्हातारी, कडवट, विनोदी, मायदेशाने दुखावलेली.

प्रामाणिकपणाच्या तराजूत लेम्परचं पारडं जड आहे. पण तिच्या प्रयोगातली मार्लेन जखमा स्वतःच मोजून दाखवते, त्यामुळे प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. डिट्रिशच्या ध्वनिमुद्रणांत देशांची ती यादी ऐकताना माझं मन अजून भटकतं. 2023 मध्ये लेम्परने स्वतःचं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं, आणि आता ती स्वतःच्या आयुष्यावरची गाणी घेऊन फिरते. तीही साठी ओलांडून. त्यातून तिने काय गाळलंय, हे शोधण्याचं काम तिच्यानंतरच्या एखाद्या गायिकेचं.