गुलमखमल

फूल कोमेजतं, या एका भांडवलावर आम्हा कवी मंडळींचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गुलमखमलीपुढे मात्र हे भांडवल चालत नाही. दिवाळीत तोडलेला तिचा गोंडा पुढच्या आषाढात पाहा, जांभळा तो जांभळाच.

रोपवाटिकेत हे रोप ‘गोम्फ्रेना’ या नावाने मागावं. काही ठिकाणी त्याला बटणफूल म्हणतात, आमच्या घरात गुलमखमल. तमिळमध्ये नाव आहे वाडामल्ली, म्हणजे न कोमेजणारा मोगरा. वास्तविक मोगऱ्याशी त्याचं काही नातं नाही आणि वास तर मुळीच नाही. तिकडच्या साड्यांच्या दुकानात ‘वाडामल्ली’ हे एका गडद जांभळ्या रंगाचंच नाव होऊन बसलं आहे. फूल मूळचं अमेरिका खंडातलं, उष्ण प्रदेशातलं. नातेवाईक म्हणाल तर उपवासाचा राजगिरा आणि भाजीचा माठ. या कुळाचं शास्त्रीय नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचाही अर्थ ‘न कोमेजणारं’ असाच आहे.

आता हे कोमेजत का नाही? आपण ज्यांना पाकळ्या समजतो, त्या पाकळ्याच नाहीत. ती सहपत्रं, म्हणजे फुलाच्या बुडाशी येणारी रंगीत पानं. खरी फुलं अगदी बारीक, पांढरट-पिवळसर. भिंग घेऊन पाहिलं तर सहपत्रांच्या फटींतून डोकावताना दिसतात. गुलाबाची पाकळी पाण्याने भरलेली असते, पाणी गेलं की तिचा सगळा डौल जातो. गुलमखमलीची सहपत्रं रोपावर असतानाच कोरडी असतात. बोट फिरवा, कागदासारखी खरखर लागते. मखमल हे नाव कुणी तरी लांबून पाहून दिलेलं असावं! रंगही बीटाच्या रंगाच्या जातीचा आहे, तो सावलीत बराच टिकतो.

लावायची म्हणाल तर फार लाड नकोत. बी लोकरीसारख्या आवरणात गुंडाळलेलं असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला ट्रेमध्ये पेरावं. दहा-पंधरा दिवसांत उगवतं. महिन्याभराने रोपं 25 ते 30 सेंटिमीटरवर लावावीत आणि वीतभर झाली की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून गोंडे जास्त येतात. ऊन किमान सहा तास हवं. आमच्या सोलापूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वाफा उंच करून मातीत वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळावं लागतं. आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी रोज दोन वेळा झारीने पाणी घालत. रोपं माना टाकू लागली तसं गुरुजींनी पाणी वाढवलं. मुळं कुजून गेली होती.

वाळवण्यासाठी गोंडा पूर्ण गोल झाला, रंग भरला, की तोडावा. खालची सहपत्रं सैल आणि फिकी पडू लागली तर उशीर झाला. सकाळी दव सुकल्यावर लांब दांडीसकट कापायचं, पानं काढायची, आठ-दहा दांड्यांची जुडी रबरबँडने बांधायची. दोरा नको, दांड्या वाळून बारीक होतात आणि दोऱ्यातून निसटतात. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे उलटी टांगली की झालं. हेलिक्रायसमचं फूल याच पद्धतीने वाळतं, पण ते पूर्ण उमलण्याआधीच तोडायचं. ते फूल मोठं मजेशीर आहे. वाळल्यानंतरही दमट दिवशी मिटतं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा उघडतं.

नेपाळात या गुलमखमलीला मखमलीच म्हणतात. आपल्याकडे भाऊबीज असते त्याच दिवशी तिथे भाईटीका असते आणि बहीण भावाच्या गळ्यात मखमलीची माळ घालते. भावाला न्यायला यमराज आला, तेव्हा ही माळ कोमेजेपर्यंत थांब, असं बहिणीने त्याला सांगितलं, अशी कथा तिथे आहे. या फुलावर कविता लिहायचं आता काही उरलंय, असं मला वाटत नाही.

पण बागकाम करणाऱ्याला एक अडचण येते. रंगासाठी वेळेवर तोडलेल्या गोंड्यात बी बहुधा कच्चं असतं. बी हवं असेल तर काही गोंडे रोपावरच ठेवावे लागतात. ते फिके पडतात, गवती रंगाचे होतात, तेव्हा कुठे बी पिकतं. माझी अम्मा दरवर्षी वाफ्याच्या कडेची चार रोपं त्यासाठी सोडायची. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली. घर माणसांनी भरलेलं, फाटक उघडं, आणि त्या गडबडीत कुणाची तरी शेळी शिरून सगळा वाफा साफ करून गेली. उरली ती अम्माने दिवाळीआधी स्वयंपाकघरात टांगलेली जुडी.

ती काचेच्या बरणीत जपून ठेवायची असं मी ठरवलं होतं. पत्नी म्हणाली, “यातले काही गोंडे बुडाशी फिके दिसतात. त्यांत बी असेल.” मे महिना संपत आला तरी माझा निर्णय होईना. शेवटी अर्धी जुडी तिने सुपात चोळली, अर्धी मी ठेवली. नऊ रोपं आली. आजही वाफा त्यांच्याच बियांचा आहे. बरणीतली अर्धी जुडी खिडकीकडच्या बाजूने पिवळट पडली आहे; वाळलेली फुलं उजेडात ठेवू नयेत, ती बरणी आता कपाटात असते.

धाकट्या बहिणीने रत्नागिरीला बी नेलं. रोपं छान आली, पण श्रावणात तोडलेल्या जुडीला बुरशी धरली. फोनवर म्हणाली, “भाई, इथे या दिवसांत पापड वाळत नाहीत, फुलं कुठली वाळायला!” कोकणात हीच पंचाईत आहे. तिथे पहिला बहर रोपावरच राहू द्यावा, त्याचं बी धरावं, आणि वाळवण्यासाठी ऑक्टोबरच्या उन्हात येणारे गोंडे तोडावेत. तोपर्यंत झाडाला भरपूर फांद्या फुटलेल्या असतात.