भीमशाहिरांच्या परदेशवारीला कागदांची भिंत!

बाबासाहेबांची जयंती आता चैत्यभूमी, दीक्षाभूमी आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीपुरती उरलेली नाही. न्यू जर्सी, लंडन, दुबई, टोकियो, जिथे जिथे आपला माणूस पोटापाण्यासाठी पोहोचला, तिथे तिथे १४ एप्रिल साजरा होतो. जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी १९ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळे गेले. वक्ते जातात, प्राध्यापक जातात, निवृत्त सनदी अधिकारीही जातात. पण ज्याच्या गळ्यातून बाबासाहेब खेड्यापाड्यातल्या अक्षरशत्रू माणसापर्यंत पोहोचले, तो भीमशाहीर मात्र क्वचितच जातो. परदेशातल्या बहुतेक सभागृहांत त्याच्या जागी मोबाईल स्पीकरला जोडतात आणि गाणे लावतात. विठ्ठल उमप आयर्लंडच्या कॉर्क शहरातील लोककला महोत्सवात गाऊन आले, हा आपला अभिमान. पण असे अपवाद मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

असे का? कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळते: "व्हिसा मिळत नाही." हे उत्तर आम्हाला अर्धवट वाटते, म्हणून आम्ही कायदाच उघडून पाहिला. त्यात जे दिसले, ते समाजापुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते.

अमेरिकेने १९९० साली आपल्या स्थलांतर कायद्यात कलावंतांसाठी स्वतंत्र वर्ग निर्माण केले. त्यातला एक वर्ग पी-३ म्हणून ओळखला जातो. एखाद्या समाजाची खास, अनोखी अशी लोककला, संगीत वा नाट्य सादर करण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी येणाऱ्या कलावंताला वा संचाला हा व्हिसा मिळतो. त्याच कायद्यात संगीताच्या संचांसाठी पी-१ हा दुसरा वर्ग आहे. तिथे कलावंत आंतरराष्ट्रीय ख्यातीचा असावा लागतो. पी-३ ला ती अट नाही. तुम्ही जगप्रसिद्ध आहात का, हा प्रश्न तिथे नाही. तुमची कला कुठल्या मातीतली आहे आणि ती तुम्हाला खरोखर येते का, एवढाच प्रश्न आहे. आता सांगा, १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी गाजवलेला आंबेडकरी जलसा आणि त्याच्या पोटी जन्मलेले भीमगीत यापेक्षा एखाद्या समाजाची स्वतःची कला ती आणखी कोणती?

यावर काही शहाणे म्हणतील, भीमगीत कसले शुद्ध? त्यात कव्वाली आहे, पोवाडा आहे, गवळण आहे, सिनेमाची चाल आहे, वर बँजो आहे! या आक्षेपाचे उत्तरही अमेरिकेतच मिळाले आहे. अर्जेंटिनातील एका ज्यू वाद्यवृंदाला एका सांस्कृतिक केंद्राने बोलावले होते. त्यांचे संगीत ज्यू परंपरा आणि लॅटिन अमेरिकी संगीत यांच्या मिश्रणातून घडलेले. मिश्रण आहे म्हणजे ते 'अनोखे' नाही, असे म्हणून अर्ज फेटाळला गेला. २०१२ साली स्थलांतर खात्याच्या अपील कार्यालयाने तो निर्णय फिरवला. अनोखी कला म्हणजे केवळ जुनी पारंपरिक कला नव्हे, दोन संस्कृतींच्या मिलाफातून घडलेली कलाही त्यात बसते, असे त्यांनी ठरवले आणि हा निकाल पुढच्या प्रकरणांना बंधनकारक मार्गदर्शक म्हणून जाहीर केला. शुद्ध-अशुद्धाचा खेळ आपल्याला तीन हजार वर्षे छळत आला. परक्या देशातल्या एका कार्यालयाने तो एका निकालात मोडीत काढला, याची दखल आपल्याकडे कुणी घेतल्याचे आमच्या वाचनात नाही.

मग घोडे अडते कुठे? ते अडते पुराव्यापाशी. या व्हिसासाठी कलावंताला स्वतः अर्ज करता येत नाही. अमेरिकेतील संस्थेने किंवा एजंटाने आधी तिथल्या खात्याकडे आय-१२९ नावाची विनंती दाखल करावी लागते. सोबत करार, कार्यक्रमांच्या तारखा आणि तिथल्या संबंधित कामगार संघटनेचे मत जोडावे लागते. (आपण मजूरमंत्री बाबासाहेबांची लेकरे, कामगार संघटनेला विचारा म्हटल्यावर आपण कुरकुर करण्याचे कारण नाही.) खरी मेख पुढे आहे. कलेचे अस्सलपण सांगणारी जाणकारांची पत्रे हवीत, किंवा कार्यक्रमांविषयी वर्तमानपत्रांत आणि नियतकालिकांत आलेली परीक्षणे हवीत.

इथे शास्त्रीय गायकाची फाईल आणि भीमगायकाची फाईल शेजारी ठेवून पाहा. पहिल्या फाईलमध्ये गुरूचे पत्र, महोत्सवाची स्मरणिका, आकाशवाणीची श्रेणी, रविवारच्या पुरवणीतले अर्धे पान. दुसऱ्या फाईलमध्ये काय? चार हँडबिले, पाण्याचे डाग पडलेला एक फोटो, गावच्या जयंती मंडळाने दिलेले सन्मानचिन्ह आणि त्यावर चुकीचे छापलेले नाव. कॅसेट कंपन्यांनी ज्यांच्या गाण्यांवर बक्कळ कमाई केली, त्यांच्यातल्या किती जणांकडे साधी करारपत्राची प्रत आहे? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला, पण त्यांच्या गायकीवर प्रस्थापित समीक्षकांनी किती पाने लिहिली, हे ग्रंथालयात जाऊन ज्याने त्याने मोजावे. ज्यांनी लिहिण्याची मक्तेदारी राखली, त्यांनी आपल्याबद्दल लिहिले नाही. आणि आता व्हिसाची खिडकी म्हणते, तुमच्याबद्दल लिहिलेले दाखवा! खिडकीतल्या अधिकाऱ्याला जात कळत नाही. पण त्याच्यासमोर जो कागद येतो, किंवा येत नाही, तो जातीनेच ठरवलेला असतो.

महाकवी वामनदादा कर्डक यांचेच उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नाही. मुंबईत बीडीडी चाळीत राहत असताना, मोठेपणी अक्षरे शिकला आणि पुढे हजारो गीते लिहून गेला. आजच्या नियमाने वामनदादांचा पासपोर्ट काढला असता, तर त्यावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' म्हणजे ईसीआर लागले असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली ही व्यवस्था आहे. जो दहावी पास नाही, त्याला आखातासह १८ देशांत कामासाठी जायचे तर आधी सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला हा नियम, त्याच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण दुबईत गायला निघालेला आमचा ढोलकीपटू दहावी नापास असतो आणि त्याच्या वादनाला जगातले कुठलेही विद्यापीठ नापास करू शकत नाही, हेही खरे आहे. यातून सुटण्याची एक वाट फारशी कुणाला ठाऊक नसते: आयकर भरणाऱ्याला ही अट लागू होत नाही. पण आपल्या कलावंताची बिदागी येते एप्रिल-मेच्या हंगामात, रोख, लखोट्यात. ती बँकेच्या पासबुकात दिसत नाही, विवरणपत्रात तर नाहीच. परदेशी अधिकाऱ्याला मात्र हा माणूस कार्यक्रम संपवून घरी परतेल, याची खात्री याच कागदांतून करायची असते.

नावाची भानगड वेगळीच. पोस्टरवर एक नाव, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. आपल्या गायिकांचे तर विचारूच नका. माहेरच्या नावाने महाराष्ट्र ओळखतो आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. पोस्टरावरची गायिका ती हीच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र शोधत फिरावे लागते. जन्मदाखल्याचा जाच तेवढा कमी झाला आहे. २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी तो सक्तीचा होता, ती सक्ती डिसेंबर २०१६ मध्ये सैल झाली.

आता जरा कटू बोलतो. परदेशातल्या आपल्याच काही आयोजक बांधवांनी या सगळ्यावर एक शॉर्टकट शोधला आहे. "व्हिजिटर व्हिसावर या, मुलाखतीत फिरायला चाललोय म्हणा, कार्यक्रमाचे नाव काढू नका." हे सांगणारा स्वतः संगणक कंपनीत कायदेशीर व्हिसावर काम करतो. त्याच्या व्हिसासाठी कंपनीने वकील दिला आणि भीमगायकासाठी हा खोटे बोलण्याचा सल्ला देतो! अमेरिकेच्या नियमानुसार व्यावसायिक कलावंताला व्हिजिटर व्हिसावर कार्यक्रम करता येत नाही. मानधन घेतले नाही तरी, काही मोजके अपवाद सोडले तर, नाही. आणि व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे उघड झाले, तर तो माणूस कायमचा अपात्र ठरतो; खास सवलत मिळाली तरच त्याची सुटका. आयोजकाने तर तिकिटाच्या दरासह गायकाचे पोस्टर आधीच फेसबुकवर टाकलेले असते. पकडला कोण जाणार? आयोजक नव्हे. ज्याच्या नावे दोन खोल्या आणि एक हार्मोनियम आहे तो.

शिवाय गाण्याच्या पार्टीकडे वकिलाती आधीच संशयाने पाहतात. पंजाबी गायक दलेर मेहंदी यांच्यावर वाद्यवृंदातले म्हणून माणसे परदेशी नेऊन सोडल्याचा गुन्हा २००३ साली नोंदला गेला. २०१८ साली पतियाळाच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, जी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्थगित केली. अशा 'कबुतरबाजी'ची किंमत शेवटी प्रामाणिक कोरसवाला चुकवतो. म्हणून पार्टीत जो माणूस वाजवत नाही, गात नाही, त्याचे नाव यादीत घालू नका. मग तो मंडळाच्या अध्यक्षांचा भाचा का असेना.

ब्रिटनचे गणित निराळे आहे. तिथे ३१ जानेवारी २०२४ पासून साध्या व्हिजिटर व्हिसावरही ठरलेला, मानधनाचा कार्यक्रम करता येतो. पण तो आधीच ठरलेला हवा, पोहोचल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवा आणि निमंत्रण तिथल्या कला वा मनोरंजन क्षेत्रातील संस्थेचे, एजंटाचे किंवा प्रसारण संस्थेचे हवे. बुद्धविहाराच्या लेटरहेडवरचे प्रेमळ पत्र तिथे पुरेल असे समजू नये. विहाराने एखाद्या कलासंस्थेला सोबत घ्यावे.

पैशाचे म्हणाल, तर भीती वाटते तेवढा डोंगर नाही. अमेरिकेत २०२४ च्या दरपत्रकानुसार पी वर्गाच्या विनंतीला १०१५ डॉलर पडतात. ना-नफा संस्थेला ५१०. इतरांना द्यावा लागणारा जादा आकारही अशा संस्थेला माफ आहे. एका विनंतीत २५ पर्यंत नावे बसतात, म्हणजे आठ-दहा जणांची आपली पार्टी एकाच अर्जात निघते. पुढे इथल्या वकिलातीत माणशी २०५ डॉलर, हा २०२३ चा दर. आठ जणांचे १६४० डॉलर झाले, आणि नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. हा भार कलावंताच्या माथी न मारता आयोजकांनी उचलावा. एका मोठ्या हॉटेलातल्या जयंतीच्या जेवणावळीचा खर्च कुठे आणि हा कुठे!

आता सरकारकडे वळू. अमेरिकेच्या नियमात एक अपवाद असा आहे की, कलावंताच्या मायदेशाने पुरस्कृत केलेला सांस्कृतिक कार्यक्रम असेल, प्रेक्षकांना तिकीट नसेल आणि सारा खर्च मायदेशाच्या सरकारने केला असेल, तर साध्या बी-१ व्हिसावरही व्यावसायिक कलावंत जाऊ शकतो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून याच कामासाठी आहे. दरवर्षी १४ एप्रिलला वकिलातींमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला जातो. हार घालणाऱ्यांनी एका जलशाचा खर्च करावा, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत का करू नये? पुण्याच्या बार्टीने आणि मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने भीमगायकांची तपशीलवार नोंद करून इंग्रजीत जाणकारांची पत्रे द्यावीत. विद्यापीठांतून आंबेडकरी जलशांवर पीएच.डी. मिळवलेले आपले प्राध्यापक आहेत. ज्या शाहिरांच्या आठवणी टिपून पदवी मिळाली, त्यांच्यासाठी दोन पानांचे पत्र लिहायला फार तर एक संध्याकाळ लागेल.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली आला आणि परदेशी महोत्सवांत दाखवला गेला. विलास घोगरेंची कहाणी आणि आपल्या शाहिरांचा आवाज त्या पडद्यावरून जगाने पाहिला, ऐकला. चित्रपटाला व्हिसा लागत नाही, ढोलकीवाल्याला लागतो.

राहता राहिला वर्तमानपत्राचा मुद्दा. मराठी कात्रणही अमेरिकेत पुरावा म्हणून चालते, फक्त सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे आपल्या दैनिकांच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमीही मोलाची. पण जयंतीची सर्वसाधारण बातमी कशी येते? उद्घाटक अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, मंचावर अकरा नावे, आणि शेवटी 'भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम झाला'. कुणाचा झाला? ढोलकीवर कोण होते? रात्रभर जागून तीन हजार माणसे कुणाला ऐकत होती? तालुक्या-तालुक्यातल्या वार्ताहर बंधूंनी येत्या जयंतीपासून गायकाचे पूर्ण नाव पासपोर्टावर असते तसे लिहावे, वादकांची नावे लिहावीत, गाव आणि तारीख लिहावी आणि कोणत्या ढंगाचे गाणे झाले त्याच्या दोन ओळी लिहाव्यात. परदेशातल्या मंडळांनीही फेब्रुवारीत धावाधाव करू नये. ही विनंती कार्यक्रमाच्या एक वर्ष आधीपर्यंत दाखल करता येते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जमणाऱ्या पार्ट्यांशी तिथेच बोलणी करावीत, म्हणजे कात्रणे, पत्रे आणि भाषांतरे गोळा करायला दिवाळीपर्यंतचा वेळ मिळतो.